पंगतीतलं वाचन आणि मांडीवरचं पुस्तक

मध्ययुगीन युरोपातला मठवासी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दगडी भिंती, मेणबत्ती आणि पुस्तकावर झुकलेला एकटा, गप्प माणूस उभा राहतो. या चित्रात दोन वेगळी वाचनं एकमेकांत मिसळली आहेत. शिवाय तो गप्पही नव्हता.

संत बेनेडिक्ट यांनी इ.स. 530 ते 540च्या सुमारास मॉन्टे कॅसिनो इथे मठांसाठी नियमावली लिहिली. पुढे पश्चिम युरोपातल्या बहुतेक मठांनी तीच धरली. तिच्या 73 प्रकरणांपैकी 38व्यात एक वाचन येतं, 48व्यात दुसरं. दोन्ही रोजची, दोन्ही धर्मग्रंथांची, आणि दोन्हींत ओठ हलायचे. घोटाळा होतो तो यामुळेच.

पहिलं वाचन जेवतानाचं. सगळे जेवायला बसले की एकजण मोठ्याने वाचायचा. त्याची पाळी आठवड्याची असे आणि ती रविवारी सुरू होई. आपल्याला गर्व होऊ नये म्हणून तो सगळ्यांना प्रार्थना करायला सांगे, आणि ‘प्रभू, माझे ओठ उघड’ ही स्तोत्रातली ओळ तीनदा म्हटली जाई. उपाशीपोटी वाचणं जड जाऊ नये म्हणून त्याला आधी थोडी पाणी मिसळलेली वाइन मिळे. जेवण मात्र नंतर, स्वयंपाकाची पाळी असलेल्यांबरोबर. वाचायची संधी ज्येष्ठतेनुसार नव्हती. ज्याचं वाचन ऐकणाऱ्यांच्या मनाला लागेल त्यालाच ती द्यायची, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

ऐकणाऱ्यांनी कुजबुजायचंसुद्धा नाही. काही हवं असेल तर खुणेने मागायचं. वाचलेल्या भागाबद्दल प्रश्नही विचारायचा नाही. इंग्लंडमधल्या ब्यूली मठात 13व्या शतकातलं भोजनगृह आज गावाचं चर्च आहे. तिथे भिंतीच्या जाडीतून वर जाणारा जिना आणि वाचणाऱ्यासाठीचा दगडी सज्जा अजून पाहता येतो. या वाचनाच्या खुणा पुस्तकांतही राहिल्या आहेत. सिस्टर्शियन या मठवासी पंथाच्या हस्तलिखितांत वाक्याच्या मधल्या विरामासाठी एक खास चिन्ह दिसतं. इथे आवाज जरा उतरव, पण वाक्य अजून संपलेलं नाही, असं ते वाचणाऱ्याला सांगतं.

आपल्याकडे ‘पोथी लावणं’ आणि ‘पारायण करणं’ या दोन गोष्टींत कोणी गल्लत करत नाही. पोथी लावली की एकजण वाचतो, बाकीचे श्रवण करतात. पारायण ज्याचं त्याने करायचं. मठातल्या दोन वाचनांतला फरक समजायला मला हेच दोन शब्द सगळ्यात उपयोगी पडले. फक्त पारायण ठरलेल्या दिवसांत पुरं करायचं असतं. मठातल्या दुसऱ्या वाचनाला अशी घाई नव्हती.

हे दुसरं वाचन ज्याचं त्याचं. लॅटिनमध्ये त्याला ‘लेक्तिओ’ म्हणत. त्यासाठी दिवसातले तास राखून ठेवलेले असत, आणि त्या वेळात कोणी आळसावून बसलाय का, हे पाहायला एकदोन वडीलधारे मठात फेरी मारत. दुपारी सगळे पडलेले असताना कोणाला वाचायचं असेल तर त्याने इतरांना त्रास होणार नाही असं वाचावं, अशी सूचना नियमावलीत आहे. म्हणजे एकट्याचं वाचनही ऐकू येत असे. 10व्या शतकातल्या गोर्झच्या जॉनबद्दल त्याच्या चरित्रात लिहिलंय की तो मधमाशीसारखा गुणगुणत स्तोत्रं घोळवत राही. या घोळवण्याला त्यांचा शब्दच होता ‘रुमिनातिओ’, म्हणजे रवंथ. 12व्या शतकातला, कार्थुसियन या दुसऱ्या मठवासी पंथाचा मठाधिपती दुसरा गीगो म्हणतो की वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थना त्याची चव काढते. जेवणघरात हे शक्य नव्हतं. तिथे वाचणारा पुढे जाई आणि ऐकणाऱ्याला त्याच्याबरोबर जावं लागे. इथे एका ओळीवर हवं तितकं थांबता येई.

पुस्तक मात्र इथेही त्याचं नव्हतंच. मठवासीयाने पुस्तक, लिहायची पाटी, लेखणी, काहीच स्वतःचं म्हणून ठेवायचं नाही, असा नियम. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात, प्रत्येकाला एकेक पुस्तक मिळे आणि ते पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने वाचायचं असे. कँटरबरीचे आर्चबिशप लॅनफ्रँक यांनी 1070च्या दशकात या वाटपाची रीत तपशिलाने लिहून ठेवली आहे. लेंटमधल्या पहिल्या सोमवारी सभागृहात सतरंजी अंथरून तिच्यावर पुस्तकं मांडायची. ग्रंथपाल गेल्या वर्षीची यादी वाचणार. नाव आलं की उठून आपलं पुस्तक परत द्यायचं. ज्याचं पुरं वाचून झालं नसेल त्याने जमिनीवर लोटांगण घालून तसं कबूल करायचं आणि क्षमा मागायची. मग नवं पुस्तक मिळणार आणि कोणाला कोणतं दिलं ते पुन्हा लिहिलं जाणार.

पुस्तकांच्या देवघेवीचं मूळ मला इथेच दिसतं. जेवताना शंभर जणांना एक पोथी पुरते. पण प्रत्येकाने आपापलं वाचायचं तर शंभर लागतात, आणि एकेक प्रत हाताने चामड्याच्या पानांवर उतरवायची. म्हणून मठ एकमेकांकडे मागणी करत. फ्रान्समधल्या क्लूनी मठाचे मठाधिपती पीटर द व्हेनरेबल यांनी ग्रँड शार्त्र्यझ मठातल्या कार्थुसियनांकडे संत ऑगस्टिन यांच्या पत्रांचा ग्रंथ मागितला. कारणही कळवलं: आमच्या एका शाखेत ठेवलेल्या प्रतीचा बराच भाग अस्वलाने खाल्ला.

सगळेच असे उदार नव्हते. आपली पुस्तकं बाहेर देणार नाही, अशी काही मठवासी शपथच घेत. 1212 साली पॅरिसच्या धर्मसभेने त्यांना मनाई केली. उसनं देणं हे दयेच्या मोठ्या कामांपैकी आहे, असं सभेने सांगितलं, आणि काही पुस्तकं घरच्या बंधूंसाठी ठेवून बाकीची ज्यांना गरज आहे त्यांना द्यावीत, असं ठरवून दिलं.