१८ ऑगस्ट

विज्ञानाच्या इतिहासात हा दिवस मुख्यतः १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ओळखला जातो (श्रावण अमावास्या, शके १७९०). खग्रास पट्टा एडनकडून येऊन विजयदुर्गाच्या परिसरात कोकण किनाऱ्याला लागला आणि जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टणमवरून सयामकडे गेला. ऐन पावसाळ्यात जमखंडीला ढगांनी अडथळा केला.

हेलियमचा शोध याच दिवशी लागला, असे सरसकट लिहिले जाते. गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ प्येअर जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या, हे खरे. पण त्यांतील पिवळी रेषा, म्हणजे हेलियमची, बहुतेक निरीक्षकांनी सोडियमची ‘डी’ रेषा समजून सोडून दिली. सोडियमच्या रेषांची जोडी ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर असते, नवी रेषा ५८७.६ वर. अपस्करण (रंग पसरवण्याची क्षमता) कमी असलेल्या वर्णपटदर्शकात एवढे अंतर सुटे दिसत नाही. मछलीपट्टणमला नॉर्मन पॉगसन यांनी मात्र ती ‘डी’वर किंवा तिच्याजवळ असल्याचे सावधपणे नोंदवले.

याच ज्वाला ग्रहणाशिवायही पाहता येतात. वर्णपटदर्शकाची फट बिंबाच्या कडेलगत ठेवून अपस्करण वाढवले की आकाशाचा अखंड वर्णपट पसरून मंदावतो. ज्वालांच्या रेषा अरुंदच राहतात, म्हणून उठून दिसतात. जान्सेन यांना हे १९ ऑगस्टला साधले, तर खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांना इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे २० ऑक्टोबरला. पिवळी रेषा सोडियमची नव्हे, हे लॉकयर यांच्या मोजमापांतून पुढे आले. त्यामुळे शोधाला एकच तारीख द्यायची झाल्यास ऑक्टोबरची अधिक सयुक्तिक ठरते. पृथ्वीवर हा वायू रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्झी यांना १८९५ मध्ये क्लीव्हाइट खनिजातून मिळाला.

विजयदुर्गावर १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. लॉकयर यांनी १८६८ चे ग्रहण तेथून पाहिले ही समजूत टिकणारी नाही. ते तेथे आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ बहुधा त्याच मोहिमेचे असावेत.

मंगळाचा उपग्रह फोबॉस अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ असफ हॉल यांनी १८७७ मध्ये याच दिवशी पहाटे वॉशिंग्टनला शोधला. जुन्या ग्रंथांत १७ ऑगस्ट आढळते. खगोलीय दिवस तेव्हा मध्यान्हापासून मोजत, म्हणून १८ ची पहाट १७ तारखेतच धरली जाई.

पहिले बाजीराव पेशवे (१७००) व विजयालक्ष्मी पंडित (१९००) यांचा जन्मदिन.