अंड्यात अडकलेलं पिल्लू : हात कधी लावायचा

अंड्यातून बाहेर येताना मध्येच अडकलेल्या पिल्लाचं कवच माणसाने काढून त्याला बाहेर यायला मदत करणं, याला पोल्ट्रीवाले ‘असिस्टेड हॅच’ म्हणतात, घरगुती कोंबड्या पाळणारे सरळ ‘पिल्लू सोडवलं’ म्हणतात. काम दिसायला पाच मिनिटांचं, टरफल तर नखानेही निघतं. पण वेळेआधी काढलं तर पिल्लू रक्त जाऊन हातातच मरतं आणि वेळ टळली तर आतल्या आत सुकून मरतं. त्यामुळे कसं काढायचं हे दहा मिनिटांत शिकता येतं, कधी काढायचं हे शिकायला दोन-चार बॅच जातात आणि त्यात दोन-चार पिल्लंही जातात, हे आधीच सांगितलेलं बरं.

कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, जपानी लावा १७-१८ दिवसांत, बदक आणि टर्की साधारण २८ दिवसांत, मस्कोव्ही बदक मात्र ३५ दिवसांपर्यंत जातं. इनक्युबेटर (अंडी उबवायचं मशीन) चांगला असेल तर कोंबडीची अंडी १८व्या दिवशी फिरवणं बंद करतात, ओलावा ४५-५० टक्क्यांवरून ६५-७० टक्क्यांवर नेतात आणि झाकण बंद ते बंदच, याला ‘लॉकडाऊन’ म्हणतात (हा शब्द या धंद्यात २०२०च्या आधीपासून आहे, उगाच हसू नका). पुढच्या तीन दिवसांत अंड्याच्या आत जे चालतं ते नीट डोक्यात बसलं की मदतीचे बाकी सगळे नियम आपोआप सुचतात.

तोपर्यंत पिल्लू फुप्फुसाने श्वास घेत नसतं. कवचाच्या आतून जो पडदा चिकटलेला असतो त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं असतं आणि कवचाच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा ते जाळंच ओढून घेतं, म्हणजे पिल्लाचं फुप्फुस त्याच्या अंगाबाहेर टरफलाला लावलेलं आहे असंच समजा. १९व्या-२०व्या दिवशी पिल्लू चोच वर सरकवून अंड्याच्या बोथट टोकाकडच्या हवेच्या पोकळीत घुसवतं, हा आतला पिप (पिप म्हणजे चोचीने पाडलेलं भोक). इथे पहिला खरा श्वास आणि इथेच पहिली चिवचिव, अंडं कानाला लावलं तर ऐकू येते. पोकळीतली हवा थोडीच असते, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो, मानेमागचा एक खास स्नायू झटके मारायला लागतो आणि चोचीच्या शेंड्यावरचा पांढरा टोकदार दाणा कवचाला आतून बसतो, बाहेरून चांदणीसारखी तडक दिसते. हा बाहेरचा पिप. तो दाणा पुढे काही दिवसांत गळून पडतो, त्याचं काम तेवढंच.

आणि मग पिल्लू थांबतं. बारा तास, अठरा तास, कधी चोवीस. बघणाऱ्याचा जीव इथेच वरखाली होतो, कारण भोक पडलंय, चोच दिसतेय, मधूनच चिवचिव आहे आणि पुढे काहीच घडत नाही. पण ते दमून पडलेलं नसतं. या तासांत पडद्यातलं रक्त अंगात परत येत असतं आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जात असतो. पिल्लू चोच उघडझाप करताना दिसतं, काहीतरी चघळतंय असं वाटतं, ते दिसलं म्हणजे काम अजून चालू आहे आणि तुम्ही चहा प्यायला जावं. काम संपलं की पिल्लू अंड्यात गोल फिरत बोथट टोकाखाली टोपीसारखी चीर पाडत जातं, बोथट टोकाकडून बघितलं तर घड्याळाच्या उलट दिशेने, आणि शेवटी पाय रेटून टोपी उडवतं. चीर सुरू झाल्यावर बहुतेक पिल्लं तासाभरात बाहेर येतात, बदकांना पिपपासून सगळं मिळून दोन दिवससुद्धा लागतात.

म्हणजे घाईची मदत का मारते ते यातच आलं. टरफल काढताना पडदा फाटतो, पडद्यात रक्त अजून वाहतं असतं, आणि ४० ग्रॅमच्या पिल्लात रक्त असून असून किती असणार, दोन-चार थेंबसुद्धा त्याला महाग पडतात. दुसरं म्हणजे बलक बाहेर राहिलेला असतो, पिल्लू बाहेर आलं की बेंबीला पिवळी पिशवी लोंबते, तिथून जंतू शिरतात आणि चार दिवसांत ते जातं.

मग अडकलं आहे हे ओळखायचं कसं? पहिली गोष्ट, मोजणी बाहेरच्या पिपपासून करायची, २१व्या दिवसापासून नाही. मशीनचं तापमान ३७.५ अंशांच्या खाली राहिलं असेल किंवा रात्री चार-पाच तास लाईट गेली असेल तर सगळी बॅचच २२व्या-२३व्या दिवसावर जाते, आणि कॅलेंडर बघून अंडी फोडणारे लोक अशी धडधाकट पिल्लं मारतात. पिपला २४ तास होईपर्यंत काहीही करायचं नाही, अपवाद तेवढे पुढे येतात.

पहिला अपवाद सुकलेल्या पडद्याचा. ताजा पडदा ओलसर आणि पांढुरका असतो. भोकाच्या कडेचा पडदा पिवळट-तपकिरी झालाय, चामड्यासारखा कडक झालाय, चोच हलते पण डोकं फिरत नाही, म्हणजे पिल्लू पडद्यात गच्च गुंडाळलं गेलंय. चीर अर्धी करून दोन तास तिथेच थांबलेलं पिल्लू बहुतेक वेळा हेच असतं. आणि याचं कारण जवळजवळ नेहमी माणूस असतो, एक पिल्लू बाहेर आलं म्हणून कौतुकाने झाकण उघडलं, आतली ओल भसकन बाहेर गेली, बाकीच्या पिप पडलेल्यांचे पडदे तिथल्या तिथे सुकले. एकाला वाचवायला झाकण उघडायचं आणि पाच अडकवायची, मग त्या पाचांसाठी परत उघडायचं, असं रात्रभर चालतं. मी स्वतः हे केलंय, थर्माकोलच्या खोक्यात, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही.

दुसरा अपवाद उलट्या पिल्लाचा. सरळ बसलेल्या पिल्लाचं डोकं उजव्या पंखाखाली आणि चोच हवेच्या पोकळीकडे असते. काहींचं डोकं निमुळत्या टोकाकडे असतं, काहींची चोच पंखाच्या वर येते, काहींचं डोकं दोन्ही मांड्यांच्या मध्ये असतं (यातलं क्वचितच वाचतं). निमुळत्या टोकाला पिप पडला म्हणजे पिल्लाला हवेची पोकळी मिळालेली नाही आणि फिरायला जागाही कमी. तरीसुद्धा यातली बरीचशी स्वतःची स्वतः निघतात, म्हणून लगेच फोडायला जायचं नाही, फक्त भोक बंद होत नाही ना, चोचीपुढे हवा आहे ना, एवढ्यावर लक्ष ठेवायचं.

तिसरा अपवाद म्हणजे आतला पिप होऊन, टॉर्चवर चोचीची सावली पोकळीत हलताना दिसून २४ तास झाले आणि बाहेर तडकसुद्धा नाही. इथे पोकळीच्या अगदी वरच्या बाजूला उकळून घेतलेल्या सुईने फिरवत फिरवत एक बारीक भोक पाडतात, फक्त श्वासापुरतं. टाचणीच्या डोक्याएवढं पुरे. बाकी काम त्याचं त्याला करू द्यायचं.

आता खरी परीक्षा, जी घड्याळापेक्षा जास्त विश्वासाची आहे. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या बोथट टोकाला लावा, पोकळीची सीमा पेन्सिलने आखा, आणि फक्त त्या सीमेच्या वरचं टरफल चिमट्याने थोडं थोडं काढा. तिथे आत नुसती हवा असते, त्यामुळे एवढं काढून काही बिघडत नाही. खाली पांढरा कागदासारखा पडदा दिसेल. त्यावर कापसाच्या काडीने कोमट पाणी किंवा खोबरेल तेल हलकेच फिरवा, नाकपुड्यांपासून लांब, आणि अर्धा मिनिट थांबा. पडदा पारदर्शक होतो आणि सगळं उत्तर समोर येतं. लाल, जाडसर, फांद्या फुटलेल्या शिरा दिसल्या तर हात मागे, ओला टिश्यू लावून अंडं परत मशीनमध्ये, सहा तास तरी बघायचंही नाही. शिरा पुसट, रिकाम्या, जुन्या कपड्यावर धुऊन गेलेल्या डागासारख्या दिसल्या तर रक्त आत गेलंय, पुढे जायला हरकत नाही. पुढे जाणं म्हणजे चोचीपासून सुरुवात करून पडदा बोथट वस्तूने मागे सारत डोकं मोकळं करायचं, आणि तिथेच थांबायचं. खालचा अर्धा भाग टरफलातच राहू द्यायचा, पाय मारून पिल्लू स्वतः निघालं तर बेंबी बंद झाली आहे असं समजायचं, आणि नाही निघालं तर बहुधा बलक अजून बाहेर असतो म्हणून ते निघत नाहीये. मध्येच रक्ताचा ठिपका दिसला तर त्या जागी स्वच्छ कापूस दाबून धरायचा आणि त्या दिवसाचं काम बंद.

गावाकडे अजून एक परीक्षा चालते, शेवटच्या दिवसांत अंडी कोमट पाण्यात सोडतात, जिवंत पिल्लाचं अंडं पाण्यात थरथरतं, डचमळतं. आजी-पणजीपासूनची पद्धत आहे आणि बघायला भारी वाटतं, फक्त एकदा तडक गेलेलं अंडं पाण्यात घातलं की पिल्लू बुडून मरतं, हे सांगायला आजी बऱ्याचदा विसरलेली असते.

पिल्लं अडकण्यामागे हवामानाचा हात किती असतो ते महाराष्ट्रात सरळ दिसतं. अंड्याचं वजन १८ दिवसांत पाणी उडून साधारण १२-१३ टक्के कमी व्हायला हवं, म्हणजे ५० ग्रॅमचं अंडं ४४ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. कोकणात जुलैमध्ये बाहेरच इतका ओलावा असतो की मशीनमध्ये पाणी ठेवलं तर हे वजन उतरतच नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू फुगलेलं आणि चिकट होतं, आतला पिप करताना नाकात पाणी जाऊन मरतं. तिथे पहिले १८ दिवस पाण्याची वाटी काढूनच टाकलेली बरी. सोलापूर, मराठवाड्याकडे एप्रिल-मेमध्ये बरोबर उलटं, हवा कोरडी, शेवटच्या दिवसांत दोन वाट्या आणि ओला स्पंज ठेवूनही हायग्रोमीटरचा (ओलावा मोजायच्या यंत्राचा) काटा वर जात नाही, पडदे सुकतात. म्हणून यूट्यूबवर कुठल्या तरी देशातल्या माणसाने सांगितलेला पाण्याचा हिशोब आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही, स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा त्यापेक्षा खरं सांगतो.

खुडूक कोंबडी रवणीला बसवली असेल तर हे बहुतेक प्रश्न येतच नाहीत. तिच्या पोटाखालची ऊब आणि ओल नेमकी असते, ती आतली चिवचिव ऐकून बारीक आवाजात उत्तर देते, आणि अंडी एकमेकांना चिकटून असल्यामुळे पिल्लंही एकमेकांचं ऐकतात. १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये मार्गारेट व्हिन्स यांनी लाव्यांच्या अंड्यांवर काम करून दाखवलं की आतल्या पिल्लांच्या टिकटिक आवाजाने मागे राहिलेली अंडी वेग घेतात आणि सगळी जवळजवळ एकदम फुटतात. कोंबडी स्वतः टरफल फोडून पिल्लू काढत बसत नाही. तिचा हिशोब सरळ आहे, पहिली पिल्लं चालायला लागली की एक-दोन दिवसांत ती डालग्यातून उठते आणि मागे राहिलेली अंडी सोडून देते. घरात येतात ती हीच अंडी, कुणीतरी टॉवेलात गुंडाळून आणलेली, आणि त्यांना मदत करावी की नाही यावर घरात वाद.

वाद पाळणाऱ्यांमध्येही आहे. एक पक्ष म्हणतो जे स्वतः निघत नाही ते कमजोर, त्याला काढलं तर पुढची पिढीही तशीच. मोठ्या हॅचरीत तर हा प्रश्नच उद्भवत नाही, तिथे हजारोंच्या ट्रेमध्ये न फुटलेलं अंडं बाजूलाच जातं. माझं मत असं की पिल्लू कमजोर होतं का मशीन, हे आधी ठरवा. लाईट गेली, झाकण उघडलं, ओलावा चुकला, तर दोष पिल्लाचा नाही आणि अशी सोडवलेली पिल्लं पुढे बाकीच्यांसारखीच वाढलेली बघितली आहेत. सगळं नीट असताना एकच अडकलं तर मात्र काहीतरी आत बिघडलेलं असण्याची शक्यता जास्त, आणि ते वाचलं तरी पाय फाकलेले, मान वाकडी असं निघू शकतं. दुर्मिळ पक्ष्यांत ही चर्चा कुणी करत नाही. १९८२ मध्ये कॅलिफोर्निया कॉन्डर ही अमेरिकेतली मोठी गिधाडं जगात जेमतेम २२ उरली होती, पुढच्याच वर्षी सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात त्यांची अंडी उबवायला सुरुवात झाली, तिथे एकेका अंड्यापाशी माणूस बसून राहणं परवडतं आणि परवडावंच लागतं.

सोडवलेलं पिल्लू ओलं, चिकट, मान टाकलेलं दिसतं. त्याला लगेच बाहेर आणायचं नाही, वाटीत ओलं सुती कापड घालून त्यात ठेवून वाटी मशीनमध्येच ठेवायची, बेंबीला नाळेचा तुकडा लोंबत असेल तर तो ओढायचा किंवा कापायचा नाही, पातळ केलेलं बीटाडीन लावून सोडून द्यायचं. खायला घालायची घाईही नको, पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं, त्याच जोरावर हॅचरीवाले एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून गावोगाव पाठवतात. अंग फुललं, उभं राहिलं की ३५ अंशांच्या ब्रूडरमध्ये (पिल्लांना ऊब द्यायच्या जागेत), गुळाचं पाणी आणि मग भरडा. पायाला रंगीत रिंग घाला नाहीतर नखाला नेलपॉलिश लावा, कारण आठवड्याभरात ते बाकीच्यांत मिसळतं आणि कोणतं सोडवलेलं होतं ते ओळखता येत नाही, आणि पुढे अंडी उबवायला ठेवताना ते ओळखायची गरज पडते.