जुने लॅपटॉप आणि लिनक्समधील ग्राफिक्स ड्रायव्हर

जुन्या लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप नव्या लिनक्सवर कितपत आणि किती वर्षे चालेल, हे चिपच्या वयापेक्षा तिच्या ड्रायव्हरचा (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) स्रोत, म्हणजे मूळ कोड, खुला आहे की नाही यावर अधिक अवलंबून असते. कर्नलमधील, म्हणजे लिनक्सच्या मूळ गाभ्यातील, अंतर्गत रचना स्थिर ठेवण्याचे बंधन लिनक्सचे विकासक पाळत नाहीत. मात्र जो ती बदलतो, त्यानेच कर्नलमध्ये समाविष्ट असलेले ड्रायव्हरही त्या बदलाशी जुळवून द्यायचे, असा प्रघात आहे. कर्नलबाहेरच्या बंदिस्त ड्रायव्हरला हा आधार मिळत नाही.

ड्रायव्हरचे दोन थर असतात. पडद्याचे रिझोल्यूशन आणि चिपची मेमरी कर्नलमधला थर सांभाळतो, तर ओपनजीएलसारख्या प्रमाणकांनुसार होणाऱ्या त्रिमिती चित्रणाचे काम ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या मेसा या प्रकल्पाकडे असते. रिझोल्यूशन ठरवण्याचे काम कर्नलकडे येण्यास २००९ मध्ये २.६.२९ या आवृत्तीपासून, इंटेलच्या चिपपासून, सुरुवात झाली. मेसाकडे चिपसाठी ड्रायव्हर नसेल, तर सारे चित्रण मुख्य प्रोसेसरवर पडते आणि दोन गाभ्यांच्या जुन्या यंत्रावर साधी खिडकी सरकवणेही जड जाते.

इंटेलच्या चिपचा अनुभव सर्वांत चांगला आहे. २००८ च्या सुमाराचा कोअर २ ड्युओ प्रोसेसर आणि जीएमए ४५०० एमएचडी ही ग्राफिक्स चिप असलेला लॅपटॉप आजच्या कर्नलवर वेगळे काहीही न बसवता सुरू होतो. मेसाच्या २२.० या आवृत्तीने २०२२ मध्ये आय९६५ हा जुना ड्रायव्हर वगळला, पण त्याआधीच डेव्ह एअरली यांनी या पिढीसाठी क्रोकस हा नवा ड्रायव्हर लिहिला होता. मर्यादा उरते ती चिपचीच: व्हीपी९ या प्रकारातील व्हिडिओ ती उलगडू शकत नसल्याने ते काम प्रोसेसरला करावे लागते. जीएमए ५०० हा यातला दुःखद अपवाद होय. तिचा गाभा इंटेलचा नसून पॉवरव्हीआर या बाहेरच्या रचनेचा असल्याने कर्नलमधील खुला ड्रायव्हर केवळ पडदा चालवतो; त्रिमिती चित्रणाला त्यात प्रवेगच (चिपकडून मिळणारा वेग) नाही.

एएमडीने २००६ मध्ये रेडिऑन चिप बनवणारी एटीआय ही कंपनी विकत घेतली आणि २००७ मध्ये चिपची तांत्रिक कागदपत्रे खुली करण्याचे जाहीर केले. रेडिऑन एचडी ४००० व त्याआधीच्या काही मालिकांना बंदिस्त ड्रायव्हरच्या मुख्य शाखेतून २०१२ मध्ये वगळण्यात आले, तरी त्या चिप खुल्या रेडिऑन ड्रायव्हरवर चालत राहिल्या, याचे श्रेय त्या निर्णयाला द्यावे लागते.

खरी अडचण एनव्हिडियाच्या लॅपटॉपची आहे. कंपनी जुन्या चिपसाठी बंदिस्त ड्रायव्हरच्या वेगळ्या शाखा ठेवते आणि ठरावीक काळानंतर त्या थांबवते: जीफोर्स ८ व ९ मालिकांची ३४० ही शाखा २०१९ अखेर, फर्मी पिढीची ३९० ही २०२२ अखेर थांबली. कर्नल अद्ययावत झाला की डीकेएमएस ही सोय ड्रायव्हरचा कर्नलशी जोडणारा भाग नव्या कर्नलसाठी पुन्हा संकलित करू पाहते. अंतर्गत रचना बदललेली असल्यास संकलन फसते आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर लॉगिनच्या जागी काळा पडदा दिसतो. बंदिस्त ड्रायव्हर बसवताना नूव्हो या खुल्या ड्रायव्हरला काळ्या यादीत टाकलेले असते, म्हणून तोही मदतीला येत नाही. अशा वेळी ग्रबच्या (यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या मेनूच्या) यादीतून आधीचा कर्नल निवडून यंत्र सुरू करावे, बंदिस्त ड्रायव्हर पूर्ण काढावा आणि ती बंदी उठवावी. पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या वेलँड या नव्या पद्धतीला लागणारी, चित्राची मेमरी हाताळणारी जीबीएमची सोय बंदिस्त ड्रायव्हरमध्ये २०२१ मध्ये ४९५ या शाखेपासून आली. त्यामुळे या जुन्या शाखांवर वेलँडचे बहुतेक डेस्कटॉप चालत नाहीत, आणि गनोमसारखे डेस्कटॉप तर एक्स११ ही जुनी पद्धत सोडत चालले आहेत.

कंपनीच्या कागदपत्रांविना, चिपचे वर्तन तपासत लिहिलेला नूव्हो २०१० मध्ये २.६.३३ या कर्नलमध्ये आला. साध्या कामाला तो पुरतो, पण चिपचा वेग अनेकदा सुरुवातीच्या मंद पातळीवरच राहतो. केप्लर पिढीत तो हाताने वाढवता येतो. मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून मात्र कंपनीची सही असलेले फर्मवेअर (चिपच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) लागू लागल्याने जीटीएक्स ९७०एमसारखी ताकदीची चिपही नूव्होवर मंदच राहते.

खुला असला तरी एखादा ड्रायव्हर कायमचा टिकतोच असे नाही. वापरणारे आणि तपासणारे उरले नाहीत, म्हणून आर१२८, सॅव्हेज, सिस यांसारख्या चिपचे जुन्या धाटणीचे त्रिमिती ड्रायव्हर २०२३ मध्ये ६.३ या कर्नलमधून काढण्यात आले. मेसाच्या २२.० आवृत्तीतून वगळलेले ड्रायव्हर मात्र ॲम्बर नावाच्या वेगळ्या शाखेत ठेवलेले आहेत, आणि लिनक्सच्या ज्या वितरणांनी (तयार संचांनी) ही शाखा आपल्या सॉफ्टवेअर-भांडारात घेतली आहे, त्यांवर पहिल्या पिढ्यांचे रेडिऑन असलेले लॅपटॉप अजूनही प्रवेगित चित्रण करू शकतात.