एसएमपीएसचा 'फट्' आवाज आणि घरातली आग : नाशिकच्या घरांची पार्श्वभूमी

कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमागे, वायर जिथे लावतात तिथला, कॉम्प्युटरला वीज पुरवणारा पत्र्याचा चौकोनी डबा म्हणजे एसएमपीएस. तो जातो तेव्हा बहुतेक वेळा 'फट्' असा आवाज येतो, खोलीभर जळका वास सुटतो, आतला फ्यूज उडतो नाहीतर घरातला एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, पडतो आणि प्रकरण तिथेच थांबते. आग लागायला याहून जास्त काहीतरी बिघडलेले असावे लागते. आपल्या नाशिकच्या घरांत हे 'जास्त काहीतरी' गेल्या पंचवीस वर्षांत हळूहळू साचत आले आहे.

आधी डब्याच्या आत काय चालते ते पाहू. घरात येणारी वीज २३० व्होल्टची, एसी. एसएमपीएस तिचा आधी डीसी करतो. तो होतो सुमारे ३२५ व्होल्टचा आणि मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो. मग ट्रान्झिस्टर हा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात आणि छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट बाहेर पडतात. पूर्वी याच कामाला जड ट्रान्सफॉर्मर लागायचा आणि बरीच वीज नुसती तापण्यात जायची. १९७७ च्या ॲपल टू या संगणकात ही नवी पद्धत होती. १९८१ च्या आयबीएम पीसीचा सप्लाय अवघा ६३.५ वॅटचा, १९८४ च्या एटी मॉडेलचा १९२ वॅटचा. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा आणला आणि आज घराघरांत दिसणारा डबा त्याच आराखड्यातला आहे. आत ३२५ व्होल्ट खेळत असल्यामुळे या रचनेत तीन राखणदार गृहीत धरलेले असतात : फ्यूज, पत्र्याचे कवच आणि अर्थिंग, म्हणजे जमिनीला जोडलेली तिसरी तार. आपल्याकडे हे तिन्ही वेगवेगळ्या काळात कमकुवत झाले.

२००१ मध्ये एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा सुरू झाली आणि नाशिकमध्ये गल्लोगल्ली क्लास निघाले. मुलगा क्लासला जातो म्हणजे घरी कॉम्प्युटर हवा, अशी ती वेळ होती. बहुतेकांनी असेंबल्ड, म्हणजे सुटे भाग जोडून केलेले, मशीन घेतले. प्रोसेसर कोणता, रॅम किती, हार्ड डिस्क केवढी, हे सगळे विचारले जाई. एसएमपीएस मात्र कॅबिनेटबरोबर 'फुकट' यायचा. त्यावर ४५० वॅट छापलेले असे, पण हातात घेतला तर डबा हलका लागे. आत विजेचा कचरा गाळणाऱ्या कॉइलच्या जागी साध्या तारेचे तुकडे जोडलेले, कपॅसिटर बारीक, उष्णता घालवणारा ॲल्युमिनियमचा तुकडा पातळ. असा डबा छापील आकड्याच्या निम्म्या भारालाही तापायचा. मला विचाराल तर या साऱ्या गोष्टीत सर्वांत मोठी चूक इथेच झाली. ज्या भागातून घराची वीज आत शिरते, त्याच भागाची किंमत आपण शून्य धरली.

डब्याच्या मागे एक लाल खटका असायचा, ११५ आणि २३० असे आकडे असलेला. अमेरिकेसारख्या देशांतल्या विजेसाठी तो दिलेला. आपल्याकडे कुणी लहान मुलाने तो ११५ वर सरकवला आणि मशीन चालू केले, की आतल्या कपॅसिटरवर दुप्पट दाब येऊन ते तत्क्षणी फुटत. ज्यांनी तो आवाज ऐकला आहे ते अजून विसरलेले नाहीत. पुढे आपोआप जुळवून घेणारे सप्लाय आले आणि तो खटका गेला.

त्याच सुमारास, साधारण १९९९ ते २००७ या काळात, जगभर कपॅसिटरची साथच आली होती. तैवानमध्ये बनलेल्या कपॅसिटरांतल्या द्रवाचे मिश्रण सदोष होते. आत वायू तयार व्हायचा, डोके फुगायचे, तपकिरी चिकट द्रव बाहेर यायचा. मदरबोर्ड आणि सप्लाय दोन्ही त्यात गेले. चांगल्या कपॅसिटरचेही आयुष्य तापमानावरच असते : दहा अंश कमी तापला तर अंदाजे दुप्पट टिकतो. पंख्यात धूळ बसलेला, भिंतीला चिकटवलेला, लाकडी टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला डबा म्हणूनच लवकर मरतो आणि मरताना त्याच्या भोवती पेटण्यासारखे सामान असते.

अर्थिंगची गोष्ट त्याहून जुनी. पंचवटीतले, जुन्या नाशकातले वाडे दोन तारांच्या वायरिंगवर उभे होते. तिसरी तार नव्हतीच. अशा घरात कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की बोटांना मुंग्या यायच्या. कारण सप्लायमधल्या गाळणीचे छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थ नसेल तर पत्र्यावर मुख्य विजेच्या निम्मा दाब तरंगत राहतो. आमच्याही घरी हे व्हायचे. उपाय काय केला, तर पायाखाली पाट घेतला. अर्थची पिन कापून टाकणे किंवा दोन पिनांचा जोड लावणे, हेही सर्रास चाले. आतली तार पत्र्याला टेकली तर अर्थिंगमधून मोठा प्रवाह वाहून फ्यूज उडायला हवा. अर्थच नसेल तर तो उडत नाही आणि बिघाड तसाच जिवंत राहतो.

मग आले भारनियमन. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या नाशिकरोडकडून दिसत, तरी लाइट जायची ती जायचीच. २००५ नंतरची काही वर्षे तर वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेले असे. लाइट परत येते तेव्हा सगळ्या गल्लीतले फ्रिज आणि पाण्याच्या मोटारी एकदम चालू होतात, दाब खाली-वर होतो आणि सप्लायच्या कपॅसिटरमध्ये प्रवाहाचा लोंढा शिरतो. याहून वाईट म्हणजे डीपीवरचा, म्हणजे गल्लीला वीज वाटणाऱ्या पेटीतला, न्यूट्रल (परतीची तार) सुटणे. तसे झाले की एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारच्या घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. पावसाळ्यात वाऱ्यावादळानंतर वायरमन 'न्यूट्रल गेला होता' म्हणतो तेव्हा तो याच प्रकाराबद्दल बोलत असतो. स्पाइक गार्डमधली (झटक्यापासून वाचवणाऱ्या बोर्डातली) चकती क्षणिक झटका झेलते, पण असा चढलेला दाब मिनिटभर राहिला तर ती स्वतःच जळते.

त्या काळाने एक सवयही लावली : बटण चालूच ठेवायचे, लाइट आली की कळेल. रात्री झोपल्यावर किंवा घराला कुलूप असताना वीज परत येई आणि पहिला झटका बघायला जवळ कुणी नसे. भारनियमन सरले, सवय राहिली. जोडीला लाइट गेल्यावर बॅटरीवर वीज देणारे यूपीएस आले आणि त्यांच्या फुगलेल्या बॅटऱ्याही.

सरकारी पातळीवर २०१२ च्या आदेशाने लॅपटॉप आणि संगणकासह काही इलेक्ट्रॉनिक वस्तूंना भारतीय मानक ब्युरोची सुरक्षा नोंदणी सक्तीची झाली. पुढच्या टप्प्यात ॲडॅप्टर आणि यूपीएसही आले. त्याने फरक पडला. पण घरात आधीपासून असलेल्या जुन्या डब्यांना कोणता आदेश लागू होणार?

२०२० च्या टाळेबंदीत माळ्यावरची मशिने खाली आली, मुलांचे वर्ग आणि मोठ्यांची कामे त्यांवर चालली. गेमिंगची हौसही वाढली. आता धोका डब्याबाहेर, जोडांवर सरकला आहे. हार्ड डिस्कला वीज देणारे स्वस्त, एकसंध साच्यात ओतलेले सॅटा जोड आतल्या आत शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणे ठाऊक आहेत. २०२२ मध्ये गेमिंगच्या मोठ्या ग्राफिक्स कार्डांचे नवे कनेक्टर वितळू लागले. १२ व्होल्टवर ६०० वॅट म्हणजे ५० अँपिअर, आणि तो प्रवाह सहा बारीक पिनांतून जायचा. एक जरी पिन नीट बसली नाही तर उरलेल्यांवर भार येतो. तेच गणित भिंतीतल्या सैल सॉकेटला आणि एकाला एक जोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डांना लागू आहे. तिथे तर पत्र्याचे कवचही नाही.

धूर दिसला तर पाणी मारायचे नसते. आधी वीज तोडायची, मग जमले तर कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या पावडरचे उपकरण वापरायचे, आणि १०१ ला फोन करायचा. अग्निशमन दलाचे मुख्य केंद्र शिंगाडा तलावाजवळ आहे, पण जुन्या नाशकाच्या बोळांत मोठी गाडी शिरत नाही. तोवर सगळे मुख्य स्विचवर असते. जुन्या वाड्यांत तो जिन्याखाली मीटरांच्या रांगेत असतो, आणि त्यांतला आपला कोणता, हे घरात बहुधा एकालाच ठाऊक असते.