मॅक्लसफील्ड रेशीम संग्रहालय

इंग्लंडच्या चेशायर परगण्यातील मॅक्लसफील्ड गावाच्या रेशीम उद्योगाचा ठेवा जपणारे संग्रहालय. गाव आणि रेशीम यांचे नाते इतके घट्ट, की तिथल्या फुटबॉल संघालाही ‘सिल्कमेन’ म्हणतात. संग्रहालय जुन्या कलाशाळेच्या इमारतीत आहे. रेशमी कापडाची नक्षी काढणारे पूर्वी इथेच शिकत. पॅराडाइज मिल ही रेशीम गिरणी शेजारीच आहे.

धंद्याची सुरुवात झाली बटणांपासून. सतराव्या शतकात इथल्या बायका घरी बसून साच्यावर रेशीम गुंडाळत आणि बटणे तयार करत. १७४३ मध्ये चार्ल्स रो याने पाण्याच्या बळावर रेशमाला पीळ देणारी गिरणी काढली. पुढे विणकाम वाढले. १८६० च्या इंग्लंड-फ्रान्स व्यापारी करारानंतर मात्र फ्रेंच रेशीम जकातीविना येऊ लागले. एकामागून एक हातमाग बंद पडले. अनेक विणकर कुटुंबे अमेरिकेत न्यू जर्सीतील पॅटरसनला गेली.

संग्रहाचा गाभा म्हणजे पॅराडाइज मिलमधले २६ जकार्ड हातमाग. ते कुठून आणून मांडलेले नाहीत; १९८१ पर्यंत जिथे चालत होते तिथेच उभे आहेत. मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. भोक असेल तिथला आकडा (हूक) ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलतो, नसेल तिथला धागा खालीच राहतो. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, एकदा फिरला की पुढचा पुठ्ठा येतो. आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवायचा आणि त्यावरून पुठ्ठ्यांना भोके पाडायची. साध्या फुलाच्या नक्षीलाही शेकडो पुठ्ठे लागतात. येवल्याच्या किंवा इचलकरंजीच्या विणकराला हे जकार्ड नवे वाटणार नाही. ही यंत्रे पाहायची तर चालतानाच पाहावीत. काचेमागचा माग मुका असतो, आणि इथे तो प्रात्यक्षिकातून बोलता ठेवला आहे.

नमुनावह्या हा दुसरा मोठा ठेवा. त्यांच्या पानापानांवर गिरण्यांनी विणलेल्या-छापलेल्या कापडाचे तुकडे चिकटवलेले आहेत. उजेड न लागल्याने कित्येकांचे रंग अजून ताजे आहेत.

दुसऱ्या महायुद्धात या गिरण्यांच्या रेशमाला वेगळेच काम मिळाले. शत्रूच्या मुलखात अडकलेल्या वैमानिकांसाठी त्यावर नकाशे छापले गेले. असा नकाशा घडी घालून कपड्यात लपवता येई, आणि उलगडताना कागदासारखा कुरकुर आवाज होत नसे.