चाकावरच्या झाकणाची कुरकुर

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचा मोठा मेळा भरला, तेव्हा बडोदेकरांनी आरशासारखी चाके डोळे भरून पाहिली. व्हील कव्हरचा, म्हणजे चाकावरच्या चकचकीत झाकणाचा, खरा स्वभाव मात्र गाडी चालू लागल्यावरच कळतो. दांडियाबाजारातल्या आमच्या शेजारच्या काकांनी आपल्या जुन्या अँबॅसेडरच्या चाकांवरच्या छोट्या टोप्या काढून अख्खी रिम झाकणारी कव्हरे बसवली आणि तेव्हापासून त्यांची गाडी गल्लीत शिरली की ती दिसण्याआधी तिची कुरकुर ऐकू येऊ लागली. काही दिवसांनी एका चाकाचा हवा भरायचा व्हॉल्व्ह तिरका झालेला आढळला. काकांना या दोन वेगळ्या तक्रारी वाटल्या, पण त्यांचे मूळ एकच होते.

असे कव्हर नटबोल्टने बसवलेले नसते. त्याच्या मागच्या कडेला स्प्रिंगच्या पोलादाचे दाते असतात आणि ते रिमच्या आतल्या कडेवर बाहेरच्या दिशेने दाब देऊन कव्हर धरून ठेवतात. रिम आपल्याला दगडासारखी घट्ट वाटते, परंतु गाडीचा भार पेलताना ती प्रत्येक फेऱ्यात किंचित दबते आणि पुन्हा गोल होते. वळणावर आडवे बल आले की अधिकच वाकते. कव्हर स्वतंत्र असल्यामुळे ते रिमबरोबर तंतोतंत वाकत नाही. मग प्रत्येक दाता क्षणभर अडकतो, ताणला जातो, सुटतो आणि पुन्हा अडकतो. झोपाळ्याच्या कड्या करकरतात त्या याच कारणाने.

पंधरा इंची रिमवरच्या टायरचा परीघ साधारण दोन मीटर धरला, तर चाक किलोमीटरमागे सुमारे ५०० फेरे घेते. म्हणून हा आवाज इंजिनाच्या वेगाशी नव्हे, तर गाडीच्या वेगाशी ताल धरतो. कव्हरच्या आत खडा अडकला असेल तर त्याची ओळख आणखी सोपी असते. केंद्रापासून १५ सेंटिमीटरवर पडलेला खडा चाकाबरोबर वर जाऊन खाली कोसळतो आणि खडखडतो. मात्र गाडीचा वेग ताशी नऊ-दहा किलोमीटरच्या पुढे गेला की फिरण्याचा जोर गुरुत्वाकर्षणावर मात करतो, खडा कडेला चिकटून बसतो आणि आवाज बंद होतो. सावकाश चालताना खडखड आणि वेगात शांतता असेल, तर दात्यांना हात लावण्याचे कारण नाही. तरीही सर्वांत आधी चाकाचे नट पान्याने तपासावेत आणि रिमला चीर नाही ना हे पाहावे, कारण सैल नटाची कटकट कानाला पुष्कळदा अशीच वाटते आणि ती जिवावर बेतू शकते.

कव्हर रिमवर गोल सरकते ते ब्रेकमुळे, अशी समजूत आहे. ती साध्या हिशेबाला टिकत नाही. दीड किलो वजनाचे आणि ३६ सेंटिमीटर व्यासाचे कव्हर धरले, तर करकचून ब्रेक मारल्यावरही त्याला फिरवू पाहणारे आघूर्ण (टॉर्क) अर्ध्या न्यूटन-मीटरच्या आसपास येते. याउलट दात्यांचा एकूण दाब २०० न्यूटन आणि घर्षणांक ०.२ इतकाच मानला, तरी अडवणारे आघूर्ण सात न्यूटन-मीटर भरते. मग कव्हर सरकते कसे? जड सतरंजी एकदम ओढली तर हलत नाही, पण एका टोकाशी सुरकुती पाडून ती हाताने पुढे ढकलत नेली की सतरंजी बोटभर सरकलेली असते. रिमचा दबलेला भागही असाच कव्हरभोवती फिरत राहतो आणि जिथे पकड ढिली पडते, तिथला दाता तेवढ्यात किंचित सरकून घेतो. दहा किलोमीटरमध्ये कव्हर एक सेंटिमीटर सरकले, तर प्रत्येक फेऱ्यामागे तो सरकाव मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाइतका, म्हणजे दोन मायक्रोमीटरच पडतो. पण तो साचत जातो आणि शेवटी कव्हरच्या छिद्राची धार व्हॉल्व्हच्या रबरावर येऊन टेकते.

काकांनी केलेला पहिला उपाय नेमका चुकीचा होता, आणि तो बहुतेक जण करतात: त्यांनी दात्यांना ग्रीस लावले. कुरकुर थांबली आणि सरकणे वाढले. झोपाळ्याच्या कडीला तेल घालतात ते ती घसरायलाच हवी म्हणून. कव्हरचे दाते मुळात घसरताच कामा नयेत.

पाण्यात साबण कालवून ग्रीस पूर्ण काढावे, रिमच्या कडेचा गंज तारेच्या ब्रशने खरवडावा आणि मग पकडीने प्रत्येक दाता जेमतेम मिलिमीटरभर बाहेर वाकवावा. इथे हावरेपणा नको. जास्त वाकवलेला दाता तुटतो किंवा रिमचा रंग ओरबाडतो. त्यानंतर कव्हरच्या कडेखाली पाच-सहा ठिकाणी वाटाण्याएवढे सिलिकॉन सीलंट लावावे. वाळल्यावर ते दोन्ही पृष्ठभागांना चिकटून राहते, रिम दबली की स्वतः थोडे ताणले जाते आणि कंपनाची ऊर्जा शोषून घेते, म्हणजे घसरू न देता हालचालीला वाव देते. मात्र व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन घेऊ नये, त्यातले आम्ल पोलादाला गंजवते. सीलंट कडेभर सलग लावणेही टाळावे, नाहीतर आत शिरलेले पाणी अडेल आणि पंक्चरच्या वेळी कव्हर निघता निघणार नाही.

बसवताना व्हॉल्व्हचे छिद्र आधी जुळवावे आणि मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून रबरी हातोडीने ठोकाव्यात. सीलंटला एक दिवस वाळू द्यावे आणि कव्हरपासून रिमच्या कडेपर्यंत खडूची एक रेघ ओढावी. काकांनी सयाजीबागेच्या बाजूने दोन-तीन फेऱ्या मारून आल्यावर ती रेघ जागची हललेली नव्हती. चिरलेला व्हॉल्व्ह मात्र बदलावाच लागला.