निळ्या लेसरच्या दोन डिस्क

फेब्रुवारी २००८मध्ये तोशिबाने डीव्हीडीहून स्पष्ट चित्रपट दाखवणाऱ्या एचडी डीव्हीडी या डिस्कचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा ही डिस्क बाजारात येऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. तिची प्रतिस्पर्धी डिस्क ब्लू-रे तांत्रिकदृष्ट्या सरस होती म्हणून ती जिंकली, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे.

डिस्कवरील माहिती सूक्ष्म खळग्यांच्या सर्पिलाकार रांगेत साठवलेली असते आणि ती वाचणारा लेसरचा ठिपका जितका लहान, तितके खळगे दाट बसवता येतात. ठिपक्याचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि भिंग तो प्रकाश किती रुंद कोनातून एकवटते यावर ठरतो. डीव्हीडीत ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर असतो. या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी मात्र ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा लेसर घेतला, त्यामुळे खरा फरक उरला तो भिंगाचा. भिंगाची ही क्षमता दाखवणारा अंक एचडी डीव्हीडीत ०.६५, तर ब्लू-रेत ०.८५ होता. ठिपक्याचे क्षेत्रफळ या अंकाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने ब्लू-रेचा ठिपका सुमारे ५८ टक्केच जागा व्यापतो, आणि एका थराची क्षमता अनुक्रमे १५ व २५ गिगाबाइट का, याचा उलगडा जवळजवळ एवढ्यावरच होतो.

अशा भिंगाची किंमतही मोजावी लागते. डिस्क किंचित तिरपी झाली तरी ठिपका विस्कटतो, आणि वरचे पारदर्शक आवरण जाड असेल तर तो अधिकच विस्कटतो. म्हणून ब्लू-रेत हे आवरण केवळ ०.१ मिलिमीटर ठेवावे लागले. माहिती पृष्ठभागाच्या इतकी जवळ आल्यावर ओरखड्यांची धास्ती आली, आणि सुरुवातीच्या डिस्क तर प्लॅस्टिकच्या बंद पेटीत घालून विकल्या गेल्या. पुढे कठीण लेप सापडला आणि पेटी गेली. एचडी डीव्हीडीने डीव्हीडीचेच ०.६ मिलिमीटरचे आवरण कायम ठेवले, त्यामुळे जुन्या कारखान्यांत थोड्या फेरफारांनी ती तयार करता येत होती. हा मोठाच फायदा होता, पण तो डिस्क छापणाऱ्याचा. दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला तो दिसण्यासारखा नव्हता. दिसण्याचेच बोलायचे तर ब्लू-रेचे जादा गिगाबाइटही त्याला फारसे जाणवत नव्हते, कारण चित्र दोन्हीकडे १९२० गुणिले १०८० बिंदूंचे होते आणि ते आकुंचित करण्याच्या पद्धतीही त्याच होत्या.

निकाल लागला तो इतरत्र. नोव्हेंबर २००६मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३मध्ये ब्लू-रे ड्राइव्ह अंगभूतच होता, म्हणून खेळांसाठी यंत्र घेणाऱ्यांच्या घरी चित्रपटाचा प्लेयर आपोआप पोहोचला. जोवर दोन्ही डिस्कवर चित्रपट निघत होते, तोवर सावध ग्राहक थांबून होता. मग ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने यापुढे केवळ ब्लू-रेलाच साथ देण्याचे जाहीर केले, आणि तोशिबाची माघार त्यानंतर सातव्या आठवड्यात आली.

डिस्कचा शत्रू दुसरी डिस्कच असतो असेही नाही. आरसीए या अमेरिकी कंपनीने १९८१मध्ये आणलेल्या सीईडी या चित्रपटाच्या तबकडीवर खाचांतून सुई फिरत असे आणि विद्युत धारकतेतील बदलांवरून चित्र उमटे. तंत्र कल्पक होते. पण तोवर घरोघरी येऊ लागलेल्या कॅसेट यंत्रावर कार्यक्रम मुद्रित करता येत होते, या तबकडीवर नाही. १९८४मध्ये आरसीएने प्लेयर बनवणे थांबवले.

डीव्हीडीच्या वेळी असे भांडण सुरुवातीलाच मिटले होते. १९९५मध्ये संगणक कंपन्यांच्या दबावाखाली दोन गट एकत्र आले. तोशिबाच्या बाजूची दोन पातळ चकत्या चिकटवण्याची रचना घेतली गेली आणि सोनी-फिलिप्सकडून खळग्यांची सांकेतिक पद्धत. २००५मध्येही तडजोडीची बोलणी झाली, परंतु आता वाद आवरणाच्या जाडीचाच होता, आणि ०.१ व ०.६ यांचा मध्य काढून बनवलेली डिस्क दोघांपैकी कोणाच्याही भिंगाला वाचता आली नसती.